पाहुण्यांसाठी रडका पिक्चर

आमच्या घरात कोणता पिक्चर बघायचा हे मी ठरवत असे. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. दुसरं कुणी ते नीट करत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. एकदा बाबांच्या आग्रहावरून आम्ही सगळे, आत्यासकट, देवाधर्माचं वाटेल अशा नावाच्या एका पिक्चरला गेलो. पहिल्याच गाण्याला आत्याने डोळ्यांवर पदर घेतला, तो मध्यंतरापर्यंत काढला नाही. घरी आल्यावर आईने जाहीर केलं, की या घरातल्या माणसांना पिक्चर कळत नाहीत, यापुढे पोरगी सांगेल तेव्हाच जायचं. मी तेव्हा मॅट्रिकला होते.

पुलगावच्या टॉकीजला दर शुक्रवारी नवीन पिक्चर लागायचा. नवीन म्हणजे नागपूरला मागच्या वर्षी येऊन गेलेला. लष्कराच्या डेपोत बदली होऊन आलेल्या कुटुंबांनी तो त्याच्याही आधी अंबाल्याला नाहीतर जबलपूरला बघितलेला असे, आणि त्या बायका बाजारात भेटल्या की शेवट सांगून टाकत. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. शेवट माहीत असला की रडण्याची तयारी करून जाता येतं.

पिक्चर पास करण्याची माझी पद्धत साधी होती. शनिवारी शिवणाच्या क्लासहून येताना मी टॉकीजसमोर आलूबोंड्याच्या गाडीजवळ थांबायची. तीनचा शो सुटला की बायका आपल्या दाराने बाहेर पडत. पदर ओले असतील तर पिक्चर पास. पदर कोरडे आणि बायका खाली बघून भराभर चालत असतील तर नापास. गाणी, मारामारी, हिरोचे कपडे यांची चौकशी मी नंतर करायची. ती फक्त माझ्यासाठी असे.

त्या सुमारास आलेल्या पिक्चरांबद्दल माझी जी मतं झाली ती अजून बदललेली नाहीत. जत्रेत हरवणारे भाऊ मला पटत नाहीत. घोराडच्या यात्रेला आई आम्हा सगळ्या चुलत-मावस पोरांना घेऊन जायची आणि सगळ्यांना घेऊन परत यायची. एकदा मोजल्यावर एक जास्तीचं निघालं. ते शेजारच्यांचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवलं. पिक्चरमधल्या बाईला दोन पोरं सांभाळता येत नाहीत आणि मग ती देवळात जाऊन देवाला जाब विचारते.

कोर्टात शेवटच्या क्षणी धावत येणारा साक्षीदारही मला पसंत नव्हता. एवढं महत्त्वाचं काम असेल तर माणसाने सकाळची पॅसेंजर पकडावी. श्रीमंत बाप नेहमी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून मुलीला घराबाहेर काढायचा. आमच्याकडे जिना नव्हता, त्यामुळे बाबांचा राग अंगणात व्हायचा आणि त्याला फारसा उठाव येत नसे. बर्फावर नाचणाऱ्या हिरोइनच्या अंगात पातळ साडी आणि हिरोच्या अंगात कोट, मफलर, हातमोजे. त्यावर आईचं मत, "हा शिकेल दिसते, ही नाई शिकेल." शिकेल म्हणजे शिकलेला. मारामारी मला आवडायची, पण हिरोचा भांग मोडला तरच.

सगळ्यात वाईट म्हणजे खोकणारी आई. ती पहिल्या प्रसंगापासून खोकते, मुलगा ऐकतो, आणि तिला दवाखान्यात न्यायचं सोडून तिच्या उशाशी बसून गाणं म्हणतो. असा मुलगा मला कधीच पसंत पडला नाही. पण हे मत मी घरात बोलून दाखवत नसे. आमच्याकडच्या बायकांना खोकणारी आई हवीच असायची, आणि पाहुण्या बायकांना तर जास्तच.

कारण आमच्याकडे पाहुण्यांना पिक्चरला नेत, आणि पिक्चर रडका असावा लागे. पुरणपोळीला तूप कमी पडलं तर जसं बोललं जातं, तसंच पाहुणी कोरड्या डोळ्यांनी परत गेली तरी बोललं जाई. "पिक्चर दाखवला म्हणे, पण काहीच रडू नाई आलं," असं आमच्या एका चुलतमावशीने तळेगावात सांगितल्याचं आईच्या कानावर आलं होतं. ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

आता ताईबद्दल. माझी मोठी बहीण, लग्नाची. स्वयंपाक उत्तम, अक्षर चांगलं, तब्येत ठणठणीत. दोष एकच. तिला हसू चुकीच्या ठिकाणी यायचं. कीर्तनकाराची शाल समईत जाते की काय असं झालं आणि सगळी सभा घाबरली, तेव्हा ताई हसली. शेजारच्या आजोबांच्या तेराव्याला सगळे गप्प बसले होते आणि त्यांचा पोपट आजोबांच्या आवाजात "चहा आण" म्हणाला, तेव्हाही हसली. एक चांगलं स्थळ याच पायी गेलं. मुलाच्या काकाने बघायला आल्या आल्या आपल्या मूळव्याधीची हकीकत ऑपरेशनपर्यंत सांगितली. काका उठून गेला आणि मागोमाग स्थळही.

त्यामुळे सेलूकडचं स्थळ येणार म्हटल्यावर आईने ताईला समोर बसवून ताकीद दिली. "हे पाय, पाहुणे बसले की हासायचं नाई. उठले की हासायचं नाई. गाडीत बसून गेले की मंग काय हासायचं ते हास."

मुलगा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. शेतकऱ्यांनी आणलेल्या कापसाची प्रत ठरवायची आणि शिव्या खायच्या, असं काम. वडील नव्हते. घरची शेती होती, ती चुलते बघत. रविवारी सकाळच्या गाडीने तो आणि त्याची आई आले. पोहे झाले, चहा झाला. ताई खाली मान घालून बसली. तिला त्याचे बूट दिसले आणि "पोहे चांगले झाले जी" एवढं वाक्य ऐकू आलं. नंतर स्वयंपाकघरात मी विचारलं, कसा वाटला. ती म्हणाली, "बूट पुसेल होते." यावरून हो किंवा नाही ठरवणं कठीण होतं.

संध्याकाळच्या पॅसेंजरपर्यंत वेळ होता आणि पिक्चर मी आदल्या दिवशीच पास करून ठेवला होता. शनिवारी टॉकीजमधून निघालेल्या बायकांपैकी एक तर फाटकाला धरून उभी राहिली होती. यापेक्षा चांगली खात्री मिळणं शक्य नव्हतं.

आमच्या टॉकीजमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये लाकडी फळ्यांचा आडोसा. म्हणजे मुलामुलीने एकत्र पिक्चर बघितला असं म्हणायचं, पण प्रत्यक्षात ताई आम्हा बायकांत आणि मुलगा बाबांच्या शेजारी. आमच्या रांगेत आधी मी, मग ताई, मग त्याची आई आणि तिच्या पलीकडे आमची आई. ताईला मध्ये बसवलं होतं ते तिच्यावर दोन्ही बाजूंनी लक्ष राहावं म्हणून.

पिक्चरमधली आई वेळेवर खोकायला लागली. मुलाने वेळेवर गाणं म्हटलं. मध्यंतरात आईने डबा उघडून मुरमुऱ्यांचा चिवडा दिला. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात ती बाई मेली. चांगली सावकाश मेली. मुलगा तिच्या पायांवर पडला, खिडकीतला दिवा विझला, आणि आमच्या बाजूला रडणं सुरू झालं. सेलूच्या मुलाची आई मोकळेपणाने रडत होती. आमच्या आईने तिच्याकडे एकदा बघून घेतलं आणि समाधानाने स्वतः रडायला लागली.

तेवढ्यात पडदा पांढरा झाला, खरखर झाली, आणि पुढचं दृश्य लागलं. स्वयंपाकघर होतं. तीच आई धुतलेली साडी नेसून चुलीपुढे बसली होती आणि पोळ्या लाटत होती. खोकत नव्हती. मुलगा आत आला, तिने त्याच्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाली, आता तुझं लग्न करायला हवं.

काय झालं होतं ते सांगते. पिक्चरची रिळं एका गावच्या टॉकीजमधून दुसऱ्या गावच्या टॉकीजला फिरत येत आणि येता येता डब्यांवरचे आकडे पुसले जात. नेहमीचा ऑपरेटर लग्नाला गेला होता. त्याच्या जागी बसलेल्या माणसाने अंदाजाने रिळं चढवली. असं आमच्याकडे अधूनमधून होत असे, आणि त्यामुळेच पुढचा प्रकार घडला. आमच्या गावच्या प्रेक्षकाला गोष्ट सरळ असावी असा आग्रह नव्हता. समोर जे येईल त्याची सांगड मागच्याशी घालणं हे तो आपलं काम समजे. शिवाय बायकांचं रडणं नुकतंच नीट लागलं होतं आणि ते अर्धवट सोडण्यासारखं काही झालं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मेलेली बाई पोळ्या लाटत होती आणि बायका रडत होत्या.

मागच्या रांगेतून एकीने नाक ओढत सांगितलं, "सपन पडून राह्यलं त्याले."

"सपन नोय वो, जुळी बहीण असन तिची," दुसरी म्हणाली. त्या वर्षी आलेल्या पिक्चरांचा विचार केला तर हे अशक्य नव्हतं.

मुलाच्या आईने डोळे पुसले. "आत्मा आहे तिचा," ती आमच्या आईला म्हणाली. "लेकरू उपाशी राह्यलं की आत्मा जेवू घालाले येतेच."

आमच्या आईनेही मान हलवली.

आणि तेव्हा, पलीकडे पुरुषांच्या बाजूला, एकच माणूस हसला. मोठ्याने नाही. आधी नाकातून हवा सुटल्यासारखं झालं, मग तो दाबायला गेला, मग ते आणखीच फुटलं. फळ्यांच्या अलीकडच्या सगळ्या बायकांनी तिकडे माना वळवल्या. कुणीतरी म्हणालं, "कोण आहे रे तो दगड?"

ताईने माझा हात धरला. "कोण हासलं?"

मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि फळ्यांच्या टोकावरून बघितलं. सेलूचा मुलगा पुढे वाकून बसला होता, रुमाल सगळा तोंडात. बाबा पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होते. मी परत येऊन ताईला म्हटलं, "तोच."

"बरं," ताई म्हणाली. आणि मग तिने पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. पडद्यावर ती बाई आणखी एक पोळी वाढत होती. ताई सबंध हलत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलाच्या आईला ते जाणवलं. तिने ताईला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर थोपटायला लागली. "रड पोरी, रड. मोकळी होय." तिने थोपटलं तसं ताईचं जास्तच झालं.

एवढं सगळं मला दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली होती. सकाळी ताईला त्याच्याबद्दल बूट सोडून काही मत नव्हतं. आता होतं.

घरी येताना बाबा पुढे चालले, एकटे. आल्याबरोबर त्यांनी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ताई चहा गाळत होती, मी बशा पुसत होते.

"हे स्थळ नाई करायचं."

"काऊन जी?"

"मी बाजूले बसून होतो त्याच्या. माय मरून पडली अन् हा हासून राह्यला. ज्याले मायच्या मरणाचं काही नाई, तो बायकोले काय पाहीन?"

"मेली तेव्हा नाही हसला," मी म्हटलं. "पोळ्या लाटायला लागली तेव्हा हसला."

"तू चूप राह्य. पिक्चर तूच पास केलता."

बाहेर ओसरीवर मुलाची आई एकटीच बोलत होती, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात. "पोरगी मले पसंत आहे बाप्पा. एवढं मऊ काळीज आजकाल पाह्याले नाई भेटत. माह्या अंगावर पडून रडली. दुसऱ्याची माय मेली तं इतकी रडते, मंग माह्यासाठी किती रडन!"

ताईने गाळणी खाली ठेवली. बघायला आलेल्यांकडून तिचं असं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं, आणि ते खोटं होतं.

बाबा बाहेर गेले, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "बरं मंग. आमी कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय हे सेलूलाही माहीत होतं. मुलाची आई गोंधळली. मुलगा मात्र लगेच म्हणाला, "मी हासलो म्हणून का, काकाजी?"

"आता तुमीच सांगा."

"रीळ उलटं लागलं होतं जी. मरायचं आधी लागलं अन् जेवायचं मंग."

"अख्खी टॉकीज भरेल होती. कोणाले नाई दिसलं ते?"

"दिसलं असन. पण सारे रडून राह्यले होते. मधात थांबता येत नाई ना."

"तो आत्मा होता," त्याची आई म्हणाली. तिला मुलाची बाजू सावरायची होती. "नका लावून घेऊ जी मनाले. याचं लहानपणापासून असंच आहे. याच्या आजीच्या दहाव्याले पिंडाले कावळा शिवेना, सारे हात जोडून उभे, अन् म्हशीनं येऊन पिंड खाल्ला तं हा..." आणि इथे आपण काय सांगतो आहोत हे तिच्या लक्षात आलं.

बाबा छपराकडे बघायला लागले. स्थळ संपलं होतं.

तेव्हा ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने तो खाली ठेवला, पण आत गेली नाही. उभी राहिली. म्हणाली, "मी बी हासलीच होती."

"तू तं रडत होती पोरी," मुलाची आई म्हणाली. "मी पाठ थोपटली ना तुही."

"हासत होती. पदर तोंडात होता."

स्वयंपाकघराच्या दारातून आमची आई घाईने म्हणाली, "तिच्या बोलण्यावर जाऊ नका वो. कालपासून अंग गरम आहे तिचं."

"नाई गरम," ताई म्हणाली.

मुलाने वर बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे सरळ बघितलं, आणि मला भीती वाटली की आता काहीतरी होणार. मुलाने चहाचा कप उचलून तोंडाला लावला. ताईने ट्रे पुन्हा हातात घेतला, त्याची काही गरज नसताना. दोघंही न हसता निभावले.

मुलाची आई बराच वेळ ताईकडे बघत होती. मग तिने आवाज खाली आणला आणि घरातलं दुखणं विचारावं तसं बाबांना विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे बी आहे हे?"

"लहानपणापासून," बाबा म्हणाले.

"काही केलं नाई का?"

"केलं. समजावलं, मारलं. नवस बी बोलून पाह्यला."

"आमी पण. नाई जात ते."

दोघांच्याही चेहऱ्यावर मोकळं झाल्यासारखं काहीतरी होतं, टॉकीजमध्ये रडून होतं त्याच्यापेक्षा जास्त. मग मुलाची आई म्हणाली, "आता हिले दुसरीकडं दिली तं त्यायले सांगा लागन तुमाले."

"अन् तुमाले बी तुमच्या पोराचं सांगा लागन."

"लागन ना. मंग कायले दोन घरं नासवता जी? एकच नासू द्या."

बाबांनी यावर विचार केला. ते गिरणीत टाइमकीपर होते आणि कोणतंही काम वेळेत मिटवावं या मताचे होते. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "साखर आण गं," आणि मी साखर आणायला गेले. बाबांनी ताईला विचारलं, पसंत आहे का. ताई म्हणाली, "हो." मुलाला विचारलं. तो म्हणाला, "हो जी." दोघांनीही हे खाली बघून सांगितलं, आणि मोठ्या माणसांना वाटलं की निदान लाजणं तरी व्यवस्थित आहे.

निघताना मुलाच्या आईने एक अट घातली. या दोघांना एकत्र टॉकीजमध्ये पाठवायचं नाही. बाबांनी मंजूर म्हटलं. आईने स्वतःच्या वतीने पुन्हा मंजूर म्हटलं. स्टेशनपर्यंत त्या दोघी विहिणी पुढे चालत होत्या आणि ती जुळी बहीण होती की आत्मा यावर बोलत होत्या. गाडी आली तेव्हा आत्मा ठरला होता.

लग्न झालं. अट पुलगावात कडकडीत पाळली गेली. दिवाळीला ताई आणि भाऊजी आले की आम्ही सगळे पिक्चरला जायचो आणि ते दोघं घरी थांबून फराळाच्या डब्यांची राखण करायचे. सेलूतही अट पाळली गेली असावी. पण सेलूहून वर्धाही जवळ आणि नागपूरलाही जाता येतं, आणि त्या गावांचं नाव अटीत कुणी घेतलं नव्हतं. ग्रेडरला कामासाठी अधूनमधून नागपूरला जावंच लागतं, आणि ताईला तिकडून काही ना काही आणायचं असायचंच.

माझ्या कामाच्या दृष्टीने हे फार सोयीचं झालं. पुलगावला पुढच्या वर्षी येणारा पिक्चर ताईने आधीच बघितलेला असे, आणि टॉकीजसमोर उभं राहून मला पदर तपासण्याची गरज उरली नाही. ताई माहेरी आली की मी तिला एवढंच विचारायची, की कोणत्या पिक्चरला त्या दोघांना हसून हसून मध्येच उठून बाहेर जावं लागलं. ते नाव मी आईसाठी पास करून टाकायची. एकदाही चुकलं नाही.